फळीवरचं नाव

आमच्या दुकानात नावं तयार मिळतात. टॉवेल, दप्तरं, डब्याच्या पिशव्या, बाळांची दुपटी, जे म्हणाल त्यावर नाव भरून देतो. भरतकामाचं मशीन आहे, नवरा ते चालवतो. गिऱ्हाईक नसलं तरी तो मशीन थंड पडू देत नाही. जी नावं सारखी मागितली जातात ती आधीच दुपट्यांवर काढतो आणि नाव वर दिसेल अशी घडी घालून समोरच्या फळीवर लावतो. खपाचं नाव डोळ्यांसमोर, कमी खपाचं खाली. बाकीच्यांनी ऑर्डर द्यायची आणि थांबायचं.

माझं नाव त्या फळीवर कधीच नव्हतं. ते आजोबांच्या कुठल्याशा आत्याचं. लांबलचक, मध्ये जोडाक्षराचा खडा. शाळेत हजेरी घेताना नव्या बाई माझ्या नावापाशी आल्या की घसा साफ करायच्या, आणि वर्ग आधीपासूनच हसायच्या तयारीत बसलेला असायचा. सहलीला गेलो की दुकानाबाहेर नावांच्या किचेनचा फिरता स्टँड असे. मैत्रिणी आपापलं नाव हुडकून काढायच्या. मी तो स्टँड उगाच गरगर फिरवायचे, किचेन ही काय घ्यायची वस्तू आहे का, असा चेहरा करून.

म्हणून लेक झाली तेव्हा माझं आधीच ठरलेलं होतं. तिला नाव द्यायचं ते सगळ्यात वरच्या फळीवरचं. सगळ्यात खपणारं.

लेकीला घरात सगळे गठुडं म्हणतात. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला अशी काही गुंडाळून दिली होती की नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. नवरा म्हणाला, हे गठुडं कुणाचं राहिलंय इथे, आणि तेच चिकटलं. खरं नाव चार लोकांना घरी जेवायला बोलवून त्यांच्यासमोर सांगायचं होतं. त्याला अजून थोडा अवकाश होता.

सासूबाईंनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली तरी तसाच पितील. त्या लहान असतानाच त्यांची आई गेली आणि थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं, हातात सुईदोराही तिनंच दिला. मशीन येण्याआधी या दुकानातलं प्रत्येक नाव सासूबाईंच्या हातचं असे. नंतर अंगठा दुखायला लागला, मशीन आलं, आणि त्या गल्ल्यावर बसू लागल्या. थोरल्या बहिणीला मी पाहिलेलं नाही. पण सासूबाई एखादी गोष्ट नीट जमली की "ताईला आवडलं असतं" असं म्हणतात, तेवढी माझी त्यांच्याशी ओळख.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ताटं गोळा करता करता त्या म्हणाल्या, "ताईचं नाव ठेवलं तर? म्हणजे, तुम्हा दोघांना पटलं तर."

जुनं नाव होतं. जड. मला त्यात माझा वर्ग हसताना ऐकू आला. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, ते नाव फळीवर ठेवलं तर नुसती धूळ खाईल हो."

नवऱ्याच्या तोंडात पाणी होतं, त्याला ठसकाच लागला हसून. मग सासूबाईही हसल्या.

"धूळ झटकायला मी आहे की," त्या म्हणाल्या. आणि ताटं उचलून आत जाताना वळून म्हणाल्या, "असू दे. तुझी लेक, तू ठेव."

मी जिंकले होते. खरं सांगते, त्या रात्री मला छान झोप लागली.

नाव ठरल्याचं समजल्यावर शेजारचे चावीवाले काका म्हणाले, अहो सूनबाई, त्या नावानं हाक मारली तर आपल्या एवढ्याशा गल्लीत चार पोरी वळून बघतात. मी म्हणाले, वळू देत, हसत तर नाही ना कुणी. नवऱ्याचं वेगळंच, म्हणे मालाचा खप बघून लेकीचं नाव ठेवणारी पहिली आई तू.

त्यानंतर सासूबाई दुपारच्या आतल्या खोलीत बसू लागल्या. मी गठुड्याला घेऊन पडले की त्या आत जात आणि दार लोटून घेत. मी उठले की बाहेर येत, डोळे लाल, अंगठा चोळत. विचारलं तर म्हणत, पडले होते जरा. मला वाटलं, रुसल्या. नावावरून मनात धरून बसल्यात. मी नवऱ्याकडे कुरकुरले की आईंनी अबोला धरलाय, तोंडानं बोलतात पण मनानं नाही. तो म्हणाला, अगं, दिवसभर पोरीला खेळवतात त्या, हा कसला अबोला. मी म्हणाले, तुला नाही कळायचं.

आणि मी सुद्धा थोडी तुटक वागू लागले. म्हटलं, त्या असतील तर मी पण.

*

मग दाढ काढायचा दिवस आला. सासूबाईंना दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि नवरा नेमका दोऱ्याची रिळं आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला. मी म्हणाले, जा तुम्ही, मी बसते दुकानात. गठुड्याला टोपलीत घालून गल्ल्यामागे ठेवलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एकटी दुकानात बसत होते. गल्ल्याला हात लावून पाहिला, कात्री जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. बरं वाटत होतं. आपण नुसत्या दूध पाजणाऱ्या नाही, असं काहीतरी.

दुकानात शिरताना जिना चढून यावं तसा धापा टाकत एक माणूस आला. खांद्याला अवजारांची पिशवी, विजारीवर ओल्या सिमेंटचे डाग. प्लंबर होता. सकाळी बायकोला मुलगी झाली, तो कुणाच्या तरी न्हाणीघरातलं काम अर्ध्यावर टाकून धावला होता. मुलीला पाहिलं आणि आता बायकोनं धाडलं होतं, नावाचं दुपटं आण म्हणून. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाळाला तसलं आहे म्हणे.

"नाव काय?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. माझ्या लेकीचंच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझी निवड पुन्हा एकदा पास झाली होती.

फळीकडे वळले तर वरचा कप्पा रिकामा. सगळी संपलेली. नवरा संध्याकाळी नवी काढणार होता. मी म्हणाले, उद्या या. त्याचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, ताई, रिकाम्या हातानं गेलो तर ती काही बोलणार नाही, तेच वाईट. तेवढ्यात टोपलीतून गठुड्यानं सूर लावला. मी एका हातानं टोपली हलवत दुसऱ्या हातानं शोधू लागले, मधली फळी, खालची फळी, आणि मग गल्ल्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवर.

तो ड्रॉवर बिघडलेल्या मालाचा. सुई तुटून टाका सुटलेला, अक्षर तिरकं गेलेलं, कापडाला तेल लागलेलं, असलं सगळं त्यात जातं. कुणी घासाघीस करायला लागलं की त्यातलं काढून कमी किमतीत द्यायचं. एरवी तो कुणी उघडत नाही.

सगळ्यात खाली साध्या कागदात गुंडाळलेलं एक दुपटं होतं. फिकट पिवळं, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं नाव. तेच नाव. मी ते उजेडात धरलं. अक्षरांवरची रेघ दुसऱ्या अक्षरापाशी जरा जाड झाली होती, बारीक गाठ आल्यासारखी. म्हटलं, याच्यासाठी टाकलं होय ड्रॉवरमध्ये.

आमच्या दुकानात आल्या आल्या सासूबाईंनी मला एकच नियम शिकवला होता. कापड हातात आलं की आधी उलटं करायचं. मशीनच्या कामाला मागून पांढरा दोरा दिसतो, हाताच्या कामाला मागूनही रंगाचाच. पुढून सगळी सारखी, उलट्या बाजूला खरं कळतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी हो हो म्हणून मान डोलावली होती.

गठुडं रडत होतं. मी कापड उलटं केलं नाही.

"हे बघा," मी त्याला म्हणाले, "यात जरा दोष आहे. ही रेघ इथं जाड आलीय. चालत असेल तर कमी करून देते."

त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला चिकटलेलं सिमेंट लागू नये म्हणून आधी विजारीला पुसलं. म्हणाला, मला तर काही वाईट दिसत नाही. मी म्हणाले, नाही, आम्ही फसवत नाही, दोष तो दोष. आणि मी कमी पैसे घेतले, ऐटीत.

*

संध्याकाळी सासूबाईंचा गाल सुजलेला होता. त्या पेजेसारखं काहीतरी पातळ चमच्यानं पीत होत्या. मी दिवसभराची बढाई मारायला आसुसले होते. गिऱ्हाईक कसं आलं, फळी कशी रिकामी, पोरगी कशी रडत होती, आणि तरी मी माल कसा खपवला.

"खालच्या ड्रॉवरमधलं ते बिघडलेलं पिवळं दुपटं होतं ना," मी म्हणाले, "ते पण घालवलं. कमी करून दिलं, पण गेलं एकदाचं."

चमचा वाटीच्या काठाशी थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मग त्या तोंड वाकडं करून, कारण भूल अजून उतरली नव्हती, म्हणाल्या, "बरं केलंस."

त्यांचं पातळ तसंच राहिलं. मला वाटलं, दाढ.

दुसऱ्या दिवशी चावीवाले काका दुकानाच्या पायरीवर आले. म्हणाले, सूनबाई, वहिनींना विचारा, झालंय ना काम, मग माझा भिंगाचा दिवा द्या. बारीक चाव्या घासायला दिसत नाही मला त्याच्याशिवाय. मी म्हणाले, कसला दिवा?

ते हसले. म्हणाले, अहो, रोज दुपारी घेऊन जात होत्या, संध्याकाळी परत देत होत्या. परवा म्हणाल्या, झालं, दिवा उद्या आणून देते. काल विसरल्या बहुतेक द्यायला. "एवढ्या वर्षांनी सुई धरली म्हातारीनं. मला म्हणाल्या, सुनेला सांगू नका, कार्यक्रमाच्या दिवशी द्यायचंय. ठेवायला जागा नव्हती घरात, म्हणाल्या, बिघडलेल्या मालात लपवते, तिथं कोण बघतंय. दिलं का मग? कसं झालंय?"

मी तशीच आत गेले. दिवा आतल्या खोलीत खिडकीपाशी होता. त्याच्या शेजारी भरतकामाची लाकडी रिंग, आणि निळ्या दोऱ्याचं रीळ, बरंचसं संपलेलं. मी तिथं खाली बसले. रुसल्या म्हणून मी ज्या दारामागे त्यांना बघत होते, त्या दारामागे त्या माझ्या लेकीचं नाव काढत होत्या. स्वतःच्या बहिणीचं नव्हे. माझ्या पसंतीचं, फळीवरचं. आणि मी त्यांच्याच तोंडासमोर त्याला बिघडलेलं म्हणाले होते. गेलं एकदाचं, म्हणाले होते.

कुणी पाहत नव्हतं तरी मी पदरानं तोंड झाकून घेतलं.

*

ते परत आणायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यांना काही कळायच्या आत आणायचं आणि ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवून द्यायचं. मग म्हणता येईल की मी दुसऱ्याच दुपट्याबद्दल बोलत होते. लबाडी होती, पण त्या क्षणी मला ती फार सुंदर वाटली.

चावीवाले काका त्या प्लंबरला ओळखत होते. दोघं अधूनमधून एकमेकांची कामं एकमेकांकडे पाठवत. त्यांनी घर सांगितलं, रुग्णालयातून आज बायकोला सोडलंय हेही सांगितलं. नवऱ्यानं काढलेली नवी कोरी दोन दुपटी मी पिशवीत घातली, एकाच्या बदल्यात दोन, गठुड्याला छातीशी बांधलं आणि निघाले. सासूबाईंना सांगितलं, हिला जरा हवा दाखवून आणते. त्या म्हणाल्या, टोपडं घाल.

प्लंबरच्या घरी दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत भिंतीशी नळाचे तुकडे उभे करून ठेवले होते, आकारानं लावून, वाद्यांसारखे. तो कामावर गेला होता. बायको आतल्या खाटेवर बसली होती, माझ्याच वयाची, केस न विंचरलेले, तो चेहरा मी आरशात पाहिलेला. मांडीवर बाळ. बाळाभोवती पिवळं दुपटं.

मी कोण ते सांगितलं. तिला आनंद झाला. मला पाणी द्यायला उठू लागली, मी बसवलं. गठुड्याचं नाव काय, तिनं विचारलं, आणि सांगितल्यावर दोघी हसलो. शाळेत एका वर्गात पडल्या तर बाईंची पंचाईत, ती म्हणाली. मग तिनं दुपट्याचा कोपरा उलगडला आणि मला उलटी बाजू दाखवली.

"हे बघा ना. आमचे हे म्हणत होते, दुकानातल्या ताई म्हणाल्या दोष आहे. मी म्हटलं, वेडे आहात का, हातचं आहे हे. मागूनही कसं निळं आहे. कुणीतरी जीव ओतलाय यात."

उलट्या बाजूला एकही गाठ दिसत नव्हती. फक्त त्या एका जागी, दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर.

मग मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं आधी. म्हणाले, चुकून दिलं गेलं, बदलून घ्या, ही दोन घ्या. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा उरलेलंही सांगितलं. सासूबाईंनी काढलं होतं, हिच्यासाठी. मला ओळखू आलं नाही.

मला वाटलं होतं, आता ती बाळाला सोडवायला लागेल, आणि मी नको नको म्हणेन, आणि ती म्हणेल घ्या हो. तिनं तसं काही केलं नाही. तिनं दुपट्याचा कोपरा पुन्हा बाळाच्या पायाखाली खोचला.

"नाही देणार मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रागावू नका. पण माझ्या लेकीचं पहिलं पांघरूण आहे हे. त्यांनी काढलं यात त्यांची चूक नाही. आम्ही घेतलं यात आमची नाही. विकलं तुम्ही."

मी मान हलवली.

निघताना ती म्हणाली, "त्यांना सांगा, जपून वापरीन." आणि मी आणलेली दुपटी तिनं पिशवीत परत घालून दिली, नीट घडी करून.

*

घरी आले तर सासूबाई आतल्या खोलीत होत्या. दिवा काकांना परत गेला होता. त्या खिडकीपाशी रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. लबाडी आता उरली नव्हती. मी गठुड्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं, कारण बाळ मांडीवर असताना माणूस उठून जात नाही, हेही मी मनात धरलं असेन.

"आई," मी म्हणाले, "ते दुपटं आणायला गेले होते. देत नाहीत ते."

त्या गठुड्याचं टोपडं सोडत होत्या. म्हणाल्या, "गेलं ते गेलं. कशाला गेलीस विचारायला. मला कळलं होतं तेव्हाच."

"काय कळलं होतं?"

"तुला नको होतं ते." त्यांनी वर पाहिलं नाही. "ओळखलं असशील, म्हटलं. आणि नको असेल. हाताचं जुनाट दिसतं, फळीवरच्यासारखं एकसारखं नाही दिसत. स्पष्ट म्हणायला नको म्हणून असं केलंस, म्हटलं. चांगलंच केलंस एका परीनं. मी उगाच..."

"नाही हो, आई." मी घाईघाईनं म्हणाले. या एका वाक्यानं मी सुटणार होते. "मुद्दाम नाही. शपथ. मला ओळखूच आलं नाही. मशीनचंच वाटलं मला."

त्यांचे हात टोपड्याच्या नाडीवर थांबले.

"मशीनचं वाटलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की मी काय बोलले. मुद्दाम विकलं असतं तर ती सुनेची खोड झाली असती, आणि सुनांच्या खोडी सासवांना पचतात. पण मी त्यांचा हात हातात धरूनही तो ओळखला नव्हता. रोज त्यांच्या हातचं खाणारी मी. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, तसं नव्हे. मला नुसतं कुठंतरी टेकायला भिंत हवी होती.

टोपडं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "दोष कुठं दिसला तुला?"

सांगावंसं वाटत नव्हतं. पण खोटं बोलायची आता सोय नव्हती. "रेघेवर. दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर. जाड आलंय थोडं."

"हं." त्यांनी अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. "तिथं अंगठा चाललाच नाही माझा. दोनदा उसवलं. मग म्हटलं, असू दे, पोरीला कुठं दिसतंय." आणि किंचित हसून, "डोळा चांगला आहे तुझा. ताई पण तिथंच बोट ठेवून म्हणाली असती, हे काय गं."

त्या हसल्या म्हणून मला रडू आलं. मी म्हणाले, आई, आपण ताईंचंच नाव ठेवू. अजून चार लोकांत सांगितलेलं नाही. मला खरंच ते हवंय आता.

"नको."

"पण मी मनापासून..."

"मनापासून नाही, लाजेपासून," त्या म्हणाल्या. "असं ठेवलेलं नाव नको तिला. पोरगी हाकेला ओ देईल आणि दर वेळी तुझी मान खाली जाईल. लेकराच्या नावात आईची लाज कशाला? ताईलाही नाही आवडायचं." मग आवाज सैल करून, "आणि टाका घालता घालता हे नाव बसलंय माझ्या तोंडात. चांगलं आहे. तोंडभर आहे."

*

चार लोक जेवायला आले त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः फळीवरचं एक दुपटं काढलं. इस्त्री केली, गठुड्याला त्यात गुंडाळलं आणि तिला उंच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझं आवडतं नाव सांगितलं. चावीवाले काका पुढे होऊन कोपरा न्याहाळू लागले, आणि म्हणाले, वा वहिनी, काय सुरेख हात आहे. मी ताटं मांडत होते. माझ्या हातातली वाटी सांडली.

"दिवा तुमचा होता ना," सासूबाई त्यांना म्हणाल्या. बाकी काही नाही. काका खूश. मी काकांकडे, नवऱ्याकडे, कुणाकडेच बघू शकले नाही. सांडलेलं पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

आता दुपारची गठुडं झोपलं की मी आतल्या खोलीत रिंग घेऊन बसते. मीच मागितलं. म्हटलं, शिकवा मला. नाव काढायचं नाही अजून, नुसती रेघ. सरळ, एकसारखी. सासूबाई कापड घेतात, आधी उलटं करतात, अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "उसव." मी उसवते. कापडाला भोकं पडून पडून ते चाळणीसारखं झालंय. त्यांना माझी कीव येत नाही, याचं मला बरं वाटतं.

काल माझी पाळी दुकानात बसायची होती. मधेच चहा केला आणि त्यांच्यासाठी कप घेऊन आत निघाले. दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, गठुड्याशी गप्पा चाललेल्या. अशी कशी गं तू, अशी कशी लबाड, जांभई देतेस होय माझ्यासमोर. आणि मध्येच, अगदी हळू, एक हाक.

फळीवरच्या नावाची नव्हती ती. ताईंच्या जुन्या, जड नावाची. पुन्हा एकदा मारली. लहानपणी घरातलं कुणी हाक मारायचं तशी, शेवटचं अक्षर लांबवून. आणि गठुड्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर दिलं.

माझा हात दाराला लागलेला होता. ढकललं असतं तर त्या दचकल्या असत्या, सावरल्या असत्या आणि माझ्यासाठी लगेच दुसऱ्या नावानं हाक मारली असती, हसून.

मी हात काढून घेतला. चहावर साय धरेपर्यंत बाहेरच उभी राहिले. दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं, अहो कुणी आहे का म्हणत होतं. मी तिथूनच खूण केली, थांबा जरा.